क्लास कुठला लावला?

चाळिशी उलटलेल्या माणसाला आपल्या समाजात काय वाटेल ते करण्याची मुभा आहे. त्याने पोट सुटू द्यावं, केस जाऊ द्यावेत, गावाबाहेर प्लॉट घेऊन दर रविवारी तिथे जाऊन नुसतं उभं राहावं, पतसंस्थेच्या निवडणुकीला उभं राहून आडवं व्हावं, ‘का?’ म्हणून कुणी विचारत नाही. पण याच माणसाने एखादं वाद्य घरी आणलं आणि कुणाला न विचारता, कुणाकडे न जाता, दार लोटून वाजवायला सुरुवात केली, की अख्खं गाव चौकशी समिती होऊन दारात उभं राहतं.

समितीचे प्रश्न चार. क्लास कुठला लावला? परीक्षा कितवी झाली? कार्यक्रम कधी? आणि शेवटचा, चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारला जाणारा: पण याचा उपयोग काय?

मी संगमनेरात बँकेत कारकून आहे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे; त्यामुळे विचारणा झाली की मुद्देनिहाय खुलासा करणं अंगवळणी पडलेलं आहे. त्यातून हे गाव शाहीर अनंत फंदींचं. १७४४ साली इथे जन्मलेल्या या माणसाने ‘फटका’ हा काव्यप्रकार असा काही गाजवला, की लोकांना चार खडे बोल सुनावणं हा संगमनेरकराचा वडिलोपार्जित हक्कच समजला पाहिजे. खुद्द फंदींनाही ‘ब्राह्मण असून तमाशा कसला करतोस?’ असं अहिल्याबाई होळकरांनी सुनावलं आणि ते कीर्तनाकडे वळले, अशी कथा सांगतात. म्हणजे ‘हे तुम्हांला शोभतं का?’ हा प्रश्नही आमच्या गावाला सव्वादोनशे वर्षांपासून परिचयाचा आहे. फरक इतकाच, की त्यांना तो अहिल्याबाईंनी विचारला आणि मला आमचे शेजारी नाना विचारतात.

तर वाद्य आहे गिटार. ती मी पुण्याहून एसटीने आणली. कंडक्टरने विचारलं, “यात काय?” म्हटलं, “गिटार.” “वाजवता?” “नाही, शिकणार आहे.” “मग ठेवा शेजारी, काही हरकत नाही,” असं म्हणून तो निर्धास्तपणे पुढे गेला. इतक्या मोकळेपणाने माझ्या संगीताला मान्यता देणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. घरी रात्री साडेनऊ ते दहा अशी वेळ ठरली. सौभाग्यवतीने अट एकच घातली: “अहो, एका रात्रीत एक गाणं सतरा वेळांपेक्षा जास्त नाही.” सतराच का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता समितीचा पहिला प्रश्न. तो गुरुपंथीयांचा. नाना याच पंथाचे. “भाऊसाहेब, गुरूवाचून विद्या नाही!” असं ते बोट वर करून सांगतात. नाना स्वतः शेअरबाजारात कुणाही गुरूवाचून उतरले आणि त्याची फी अजून भरताहेत, तो भाग वेगळा. मी त्यांना एकलव्याचं उदाहरण देत नाही. ते दिलं की लोक अंगठ्याची गोष्ट काढतात, आणि गिटारच्या जाड तारा छेडायला उजव्या हाताचा अंगठाच लागतो.

एकलव्य नको तर गोविंदराव टेंबे घ्या. १८८१ साली जन्मलेले, कोल्हापूरकडचे. हार्मोनियम ते बव्हंशी आपले आपणच शिकले. भास्करबुवा बखल्यांना त्यांनी मनोमन गुरू मानलं, पण समोर बसून पेटीचे धडे घेतले नाहीत. बुवांचं गाणं कानात साठवलं आणि बोटांतून काढलं. या क्लास न लावलेल्या माणसाने १९११ साली ‘मानापमान’ला संगीत दिलं आणि १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’लाही. गिटारचाच दाखला हवा असेल, तर ज्या आंद्रेस सेगोवियाने ही कोपऱ्यातली गिटार मोठमोठ्या मैफलींत नेऊन बसवली, तो स्पेनचा महापुरुष जन्मभर सांगत असे, की माझा गुरू मी आणि माझा शिष्यही मीच.

पण इतक्या लांब तरी कशाला जा? संगमनेर हे विड्यांचं गाव. इथल्या घराघरांत बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या. आई सूप मांडीवर घेऊन बसायची आणि लेक शेजारी बसून बघायची. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. कुठल्या क्लासची पाटी नाही, प्रमाणपत्र नाही. हजारी मोजून मजुरी घेणाऱ्या या बोटांचा वेग बघितला, तर भल्या भल्या गिटारवाल्याने हात जोडावेत. वाकडी वळलेली विडी मात्र बाजूला काढली जाते आणि तिची मजुरी बुडते. माझा सूर वाकडा गेला तर कुणी पगार कापत नाही, एवढी चैन मला आहे. ती आहे म्हणूनच मी आपला आपण शिकू शकतो, हे मी विसरत नाही.

एक गोष्ट मान्य. ख्याल गायचा असेल तर गुरूवाचून गत्यंतर नाही. लहानपणी तबकड्या ऐकून हुबेहूब गाणारे कुमार गंधर्वसुद्धा पुढे देवधरांकडे शिकलेच, आणि भीमसेन जोशींनी १९३३ साली घर सोडलं ते गुरूच्याच शोधात. पण मला कुठे किराणा घराण्यात नाव कमवायचंय? माझा किराण्याशी संबंध महिन्याच्या यादीपुरता. मला अकरा गाणी वाजवायची आहेत. त्यांतली चार येतात, दोन येतायेता राहिली आहेत. पाच जणांच्या घरगुती सहलीला जायचं असेल, तर माणूस आधी एव्हरेस्टच्या शेर्पाला भेटून येत नाही.

पुस्तकावरून शिकणं हलकं समजणाऱ्यांनी तर विष्णू नारायण भातखंडे या वकिलाला आधी उत्तर द्यावं. घराण्याघराण्यांच्या तिजोरीत पडून राहिलेल्या चिजा या गृहस्थाने हिंडून हिंडून गोळा केल्या, स्वरलिपीत मांडल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग करून चक्क छापून टाकल्या. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. आमच्या खतावणीपेक्षा सोपं! पुस्तकाने कुणी गवई होत नाही, हे मलाही कळतं. पण ज्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, त्याला ती चीज निदान डोळ्यांनी पाहता आली. १९६७ सालचं ‘कट्यार काळजात घुसली’ आपण मराठी माणसं डोळे पुसत पाहतो ते कशासाठी? विद्या नाकारली गेलेला सदाशिव चोरून ऐकून शिकतो म्हणूनच ना? नाटकात त्याला टाळ्या. शेजारी राहायला आला, की मात्र ‘क्लास कुठला लावला?’

आपलं आपण शिकणं म्हणजे वाटेल तसं तारा ओरबाडणं, असाही एक समज आहे. तो काढून टाकणं भाग आहे. पहिले दोन-तीन आठवडे डाव्या हाताच्या बोटांची टोकं इतकी ठणकतात, की नोटा मोजताना प्रत्येक नोट आपल्याला ओळखून चावते असं वाटतं. मग टोकांना घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. मग कॉर्ड. ‘सी’वर बोटं नीट बसतात, ‘जी’वरही बसतात, पण ‘सी’वरून ‘जी’वर जाईपर्यंत गाणं पुढच्या कडव्यात पोचलेलं असतं. त्यावर उपाय एकच: गाणं बाजूला ठेवून नुसती ती उडी सावकाश, ठेक्यात, शंभरदा मारणं. त्यानंतर येतो ‘एफ’. यात पहिल्या बोटाने सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या असतात, आणि गिटार सोडून दिलेल्या माणसांची जनगणना केली तर निम्मी तरी ‘एफ’च्या उंबऱ्यावर सापडतील असा माझा अंदाज आहे. अशा वेळी मी जँगो राइनहार्टचं स्मरण करतो. १९२८ साली लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली. राहिलेल्या बोटांवर त्याने आपली आपण नवी पद्धत बसवली आणि जगातल्या थोर गिटारवादकांत जाऊन बसला. माझी पाचही बोटं सरकारी नोंदीप्रमाणे शाबूत आहेत. तेव्हा तक्रारीला जागा नाही.

गाणं कानाने काढायचं, तर त्याचीही रीत आहे. आधी गुणगुणून गाण्याचा ‘सा’ पकडायचा. तो गिटारवर कुठे बसतो ते शोधायचं. पुष्कळशी साधी गाणी तीन-चार कॉर्डवर उभी असतात, म्हणून त्या एकेक लावून बघायच्या. चुकीची लागली की कान लगेच तक्रार करतो. कानासारखा ऑडिटर नाही. पट्टी आपल्या गळ्याला झेपत नसेल, तर कॅपो नावाचा चिमटा मानेवर लावून ती वर सरकवायची. भजनी मंडळातला पेटीवाला ‘काळी दोन घ्या की!’ म्हणतो, तसंच हे. ‘यादों की बारात’ (१९७३) या चित्रपटात भूपिंदर सिंग यांनी गिटारवर वाजवलेला तो प्रसिद्ध सुरुवातीचा तुकडा काढायला मला अडीच महिने लागले. ऐकायला तो काही सेकंदांचा आहे. पण त्या अडीच महिन्यांत त्या गाण्यात काय काय दडलेलं आहे ते मला जेवढं ऐकू आलं, तेवढं आधीच्या तीस वर्षांत नुसतं ऐकून ऐकू आलं नव्हतं.

आणि एक शोध तर असा, की कुठल्याही क्लासात मला कुणी सांगितला नसता. तो बँकेच्या कारकुनासाठीच राखून ठेवलेला होता. गिटारच्या मानेवरचे ते आडवे पडदे सारख्या अंतरावर का नसतात, हे एका रात्री मी पट्टीने मोजत बसलो. पाचवी तार मोकळी वाजवली तर कंपनं सेकंदाला ११०. पहिल्या पडद्यावर ११६.५४. दुसऱ्यावर १२३.४७. आकडे ओळखीचे वाटले म्हणून गणकयंत्र घेतलं. प्रत्येक पडद्याला वाढ ५.९५ टक्क्यांची, आणि तीही सरळव्याजाने नाही, चक्रवाढीने! बाराव्या पडद्याशी, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, बेरीज २२०. मुद्दल दुप्पट, स्वर तोच, सप्तक वरचं! ७२ ला व्याजदराने भागलं की दामदुपटीची वर्षं निघतात, हा आमचा टेबलावरचा ठोकताळा. इथेही उत्तर बाराच. वीस वर्षं मी लोकांना चक्रवाढ व्याज समजावून सांगतोय, पण ते कानाने ऐकलं त्या रात्री. सौभाग्यवतीला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “अहो, झोपा.” विद्वानांची उपेक्षा घरापासूनच सुरू होते.

दुसरा प्रश्न परीक्षेचा. पलुसकरांनी, म्हणजे विष्णू दिगंबरांनी, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संगीत संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून चारचौघांच्या घरात यावं म्हणून. १९३१ साली ते गेल्यावर शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. आज प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत विशारद आणि अलंकारपर्यंत जी शिडी उभी आहे, तिच्यावरून हजारो मुलं संगीतात शिरली. त्या शिडीविषयी माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती खाली उभं राहून ‘कितव्या पायरीवर?’ एवढंच विचारणाऱ्या तुम्हां-आम्हां मंडळींची.

माझी मुलगी आधी दात घासताना गायची, दप्तर भरताना गायची, भांडण झालं की मुद्दाम मोठ्याने गायची. पुढे तिने रीतसर परीक्षा दिली. पहिली श्रेणी मिळाली, पेढे वाटले. त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक काका-मामाने तिला विचारलं, “किती मार्क पडले?” “एखादं गाणं म्हण की गं,” असं कुणी म्हटलं नाही. हळूहळू घरातलं गाणं थांबलं. एकदा मी तिला तिचंच जुनं आवडतं गाणं म्हणायला सांगितलं, तर म्हणाली, “बाबा, ते यंदाच्या अभ्यासात नाही.” यात ना शिकवणाऱ्या बाईंचा दोष, ना परीक्षेचा. पोराच्या गळ्यात सूर दिसला की आपण त्याच्यावर लगेच गुणपत्रिका चिकटवतो, त्याचा हा परिणाम. अभ्यासात नाही म्हणून गाणं गायचं नाही, ही अवस्था गुरू नसण्यापेक्षा मला कितीतरी भयंकर वाटते.

तिसरा प्रश्न कार्यक्रमाचा. पूर्वी तो गणेशोत्सवापुरता असायचा. आता तो वर्षभर असतो. आमच्या शाखेत नव्याने लागलेला पोरगा म्हणतो, “सर, व्हिडिओ टाका ना!” मोबाइलवरच्या शिकवण्यांचं ऋण मी मानतो. गाण्याचा वेग निम्मा करून मास्तरांची बोटं थांबवून बघायची सोय टेंब्यांना नव्हती. पण तिथेही ‘सात दिवसांत गिटार’ची जाहिरात असतेच. सात दिवसांत साधा पत्ताबदल होत नाही, आणि हे गिटार शिकवणार! घाई कशाची, तर लवकर येऊन लवकर दाखवता यावं. दोन कॉर्ड आल्या की फोन समोर उभा, आणि मग किती जणांनी बघितलं ते मोजत रात्र जागायची. अहो, दिवसभर काउंटरवर मी लोकांसमोरच बसलेला असतो! मोजण्याचं काम तर मी पगार घेऊन करतो. अर्धा तास असा मिळाला, की ज्यात कुणी बघत नाही आणि काही मोजायचं नाही, तर तोही चव्हाट्यावर मांडू?

आणि आता चौथा प्रश्न. उपयोग काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी पेटीची हकिगत ऐकवतो. हार्मोनियम ही मूळची परदेशी. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ती आपल्या संगीताला मारक आहे, असं मोठमोठ्या जाणकारांचं मत पडलं आणि १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली. बंदी उठायला १९७१ उजाडलं. तीस-एकतीस वर्षं ही बिचारी रेडिओच्या दाराबाहेर उभी होती. त्या काळात तिला कुणी जगवलं? गावोगावच्या देवळांत सप्ताहाला बसणाऱ्या भजनी मंडळांनी, नाटकवाल्यांनी, शाळेतल्या मास्तरांनी आणि घरातल्या घरात ‘सा’ धरून बसणाऱ्या हौशी लोकांनी. त्यांतले कितीतरी जण बघून, ऐकून, चाचपडून शिकलेले. त्यांना ना मान्यता होती, ना मानधन. जाणकारांनी नापास केलेलं वाद्य बिनपरीक्षेच्या लोकांनी सांभाळून ठेवलं. हा उपयोग.

दुसरा उपयोग आमच्या जातीचा, म्हणजे कारकुनांचा. ‘कट्यार’मधले खाँसाहेब ज्यांनी अजरामर केले, ते वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं पुण्याला लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत होते. ते थोर होते, त्यांना गुरू लाभले होते, मी त्यांच्या पंक्तीला बसत नाही. मी एवढंच म्हणतो, की आकड्यांच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या आतही काहीतरी वाजत असतं, आणि ते वाजू दिलं नाही तर तो माणूस हळूहळू नुसता शिक्का होतो. असे शिक्के मी पाहिले आहेत. निवृत्तीनंतर दुसऱ्याच दिवशी शाखेत येऊन बाकड्यावर बसतात, कारण घरी बसून करावं असं काही त्यांनी कधी स्वतःसाठी ठेवलेलंच नसतं.

तिसरा उपयोग सांगतो आणि समितीची रजा घेतो. एका गाण्याच्या अंतऱ्यात मी ‘ए मायनर’ लावून पुनःपुन्हा अडखळत होतो. चौदावी वेळ असेल. आतल्या खोलीतून आवाज आला, “बाबा, तिथे सूर खाली नाही जात. असा जातो.” आणि मुलीने तो अंतरा गाऊन दाखवला. तिच्या यंदाच्या अभ्यासात तो नाही. मी ‘एफ’ लावून बघितला. बरोबर होता.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी माळ्यावर कुठे बासरी असेल, भाता फाटलेली पेटी असेल, मुलाने दहावीनंतर टाकून दिलेली गिटार असेल, तर ती खाली काढा. तारा नव्या घाला, त्या काही प्लॉटइतक्या महाग नसतात. रोज अर्धा तास, एकच गाणं, सावकाश. बेसूर वाजेल. बेसूर वाजवण्याला आपल्या राज्यघटनेत कुठेही मनाई नाही. शेजारी विचारतील, क्लास कुठला लावला? त्यांना दार उघडून आत घ्या, चहा द्या आणि ठेका धरायला बसवा.

नानांना मी परवाच बसवलं. ठेका चुकतो त्यांचा. पण गुरुपंथाचा आग्रह धरणाऱ्या नानांनी अद्याप क्लास कुठला लावायचा ते मला विचारलेलं नाही.